टॉर्नेडोची काळजी किती करावी? एका निषिद्ध शब्दाचा इतिहास

१/
अमेरिकेच्या सरकारी हवामान अंदाजांत सुमारे अर्धशतकभर एक शब्द निषिद्ध होता. तो शब्द अश्लील नव्हता, राजद्रोहीही नव्हता. तो होता 'टॉर्नेडो'. वादळ येई, गावे उद्ध्वस्त होत, दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत हाच शब्द ठळक अक्षरांत छापला जाई. मात्र आदल्या दिवशीच्या अंदाजात तो उच्चारण्याची सोय नव्हती. कारण एकच सांगितले जाई : लोक घाबरतील.

२/
टेक्सस, ओक्लाहोमा, मिझुरी अशा राज्यांत आज अनेक मराठी कुटुंबे स्थायिक आहेत आणि दर वसंत ऋतूत त्यांना इकडच्या नातेवाइकांचे फोन जातात : "तुमच्याकडे त्या वावटळी येतात म्हणे, काळजी वाटत नाही का?" प्रश्न साधा आहे. परंतु रहिवाशाने किती काळजी करावी, हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, यावरून त्या देशात दीर्घकाळ वाद झाला. या धाग्यात तो इतिहास पाहू आणि अखेरीस मूळ प्रश्नाचे उत्तरही शोधू.

३/
प्रथम संज्ञा स्पष्ट करून घेऊ. आपण 'चक्रीवादळ' म्हणतो ते समुद्रावर जन्मते, शेकडो किलोमीटर पसरते आणि आज त्याची चाहूल काही दिवस आधी लागते. टॉर्नेडो निराळा. मराठी परिभाषेत त्याला 'घूर्णवाती वादळ' म्हणतात. मेघगर्जनेच्या प्रचंड ढगातून थेट जमिनीपर्यंत पोहोचलेला, वेगाने फिरणाऱ्या हवेचा तो स्तंभ असतो. त्याची रुंदी बहुधा काही दशक वा शतक मीटर आणि आयुष्य काही मिनिटांचे.

४/
अमेरिकेच्या मैदानी प्रदेशात याचे प्रमाण जगात सर्वाधिक आहे. दक्षिणेकडून, मेक्सिकोच्या आखातावरून उष्ण व दमट हवा येते. पश्चिमेकडून, रॉकी पर्वताच्या बाजूने कोरडी हवा येते. आणि वरच्या थरांत वारे वेगाने वाहत असतात. उंचीनुसार वाऱ्याची दिशा व वेग बदलत गेले की वर चढणाऱ्या ढगालाच फिरकी मिळते. अशा फिरत्या ढगांपैकी थोड्यांतूनच टॉर्नेडो उतरतो. कोणत्या ढगातून उतरेल, हे नेमके सांगणे आजही अवघड आहे.

५/
जुन्या नोंदी वाचताना सावध राहावे लागते. ७ मे १८४० रोजी मिसिसिपी नदीकाठच्या नॅचेझ शहरावर टॉर्नेडो आला. मृतांची अधिकृत संख्या ३१७. त्यांतील बहुसंख्य नदीतील नौकांवर होते. परंतु आसपासच्या मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांचे मृत्यू या गणनेत धरले गेले नसावेत, असे अभ्यासक मानतात. ज्या समाजात माणूस मालमत्तेच्या यादीत होता, तेथे तो मृतांच्या यादीत येईलच असे नाही.

६/
टॉर्नेडोचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला तो अमेरिकी लष्कराच्या सिग्नल विभागात. त्या काळी हवामानाच्या नोंदी व अंदाज हे काम याच विभागाकडे होते. तेथे १८७७ मध्ये दाखल झालेला जॉन पार्क फिन्ली हा तरुण या वादळांच्या अक्षरशः मागे लागला. त्याने उद्ध्वस्त गावांची पाहणी केली, सहाशे टॉर्नेडोंच्या नोंदींचा संग्रह प्रसिद्ध केला आणि पुढे गावोगावी दोन हजारांहून अधिक स्वयंसेवी वार्ताहरांचे जाळे उभे केले.

७/
मार्च १८८४ पासून फिन्लीने प्रायोगिक भाकिते सुरू केली. रॉकी पर्वताच्या पूर्वेकडील प्रदेशाचे विभाग पाडून, 'या विभागात आज टॉर्नेडोला अनुकूल स्थिती आहे' किंवा 'नाही', एवढेच तो नोंदवी. एकूण २,८०३ भाकितांचा हिशेब जमला. त्यांपैकी ९६.६ टक्के बरोबर आली, असा त्याचा दावा होता. आकडा डोळे दिपवणारा होता.

८/
त्याच वर्षी भूशास्त्रज्ञ ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी या आकड्याची चिरफाड केली. फिन्लीने १०० वेळा 'येईल' म्हटले, त्यांतील २८ वेळा टॉर्नेडो आला. २३ वेळा त्याने 'येणार नाही' म्हटले आणि तरी तो आला. उरलेली २,६८० भाकिते 'येणार नाही' अशी होती आणि ती खरी ठरली. याचा अर्थ, कोणी डोळे मिटून प्रत्येक वेळी 'येणार नाही' एवढेच म्हटले असते, तरी तो ९८.२ टक्के बरोबर ठरला असता!

९/
हे गणित टॉर्नेडोच्या साऱ्या इतिहासाच्या मुळाशी आहे. दुर्मीळ संकटाविषयी 'काही होणार नाही' म्हणणारा माणूस जवळजवळ नेहमीच खरा ठरतो. त्याची चूक वर्षानुवर्षे दिसत नाही. ती दिसते तेव्हा गाव उरलेले नसते. उलट, इशारा देणाऱ्याच्या चुका मात्र सर्वांच्या डोळ्यांपुढे घडतात. फिन्लीचे १०० पैकी ७२ इशारे वाया गेले, हे सर्वांना दिसले. ५१ टॉर्नेडो-प्रसंगांपैकी २८ त्याने आधीच ओळखले होते, हे फार थोड्यांच्या ध्यानी आले.

१०/
लवकरच वरिष्ठांनी अंदाजातून हा शब्द वगळला. सिग्नल विभागाच्या १८८७ च्या अहवालातील भूमिकेचा आशय असा : टॉर्नेडो लहानशा पट्ट्यातून जातो, भाकीत मात्र विस्तीर्ण प्रदेशासाठी करावे लागते, तेव्हा अशा भाकिताने उडणारा हाहाकार प्रत्यक्ष वादळापेक्षा अधिक हानी करील. १८९१ मध्ये हवामानाचे काम लष्कराकडून कृषी खात्याच्या नव्या 'वेदर ब्यूरो'कडे गेले. खाते बदलले, भूमिका तीच राहिली.

११/
या निर्णयाला केवळ मूर्खपणा म्हणून निकालात काढणे इतिहासाच्या विद्यार्थ्याला शोभणार नाही. त्या काळी ढगाच्या पोटात पाहण्याचे साधन नव्हते. वरच्या थरांतील वाऱ्यांची मोजमापे नव्हती. दहापैकी सात इशारे फुकट गेले तर लोकांचा खात्यावरचा विश्वास उडेल, ही भीती अनाठायी नव्हती. 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट जगभर सांगितली जाते ती उगीच नव्हे. परंतु एक बाब ध्यानात घ्यावी : लोक घाबरून अधिक हानी करून घेतील, हे कोणी तपासून पाहिले नव्हते. ते गृहीत धरले होते.

१२/
मौनाची किंमत हळूहळू वसूल होत गेली. २७ मे १८९६ रोजी सेंट लुईस महानगरातून टॉर्नेडो गेला; २५५ माणसे दगावली. आणि मग १८ मार्च १९२५ उजाडला.

१३/
त्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास मिझुरी राज्यात एक टॉर्नेडो जमिनीवर उतरला. तो इलिनॉय ओलांडून इंडियानात शिरला आणि साडेचारच्या सुमारास विरला. साडेतीन तास, सुमारे ३५० किलोमीटर, तीन राज्ये. सरासरी वेग ताशी १०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे त्या काळच्या मोटारीलाही मागे टाकणारा. मृतांची संख्या ६९५. अमेरिकेच्या इतिहासात एकाच टॉर्नेडोने एवढी माणसे ना त्यापूर्वी मारली, ना त्यानंतर.

१४/
एकट्या मर्फिसबरो शहरात २३४ माणसे गेली. डी सोटो या छोट्या गावात शाळेची इमारत कोसळली आणि ३३ मुले मरण पावली. वेस्ट फ्रँकफर्ट हे कोळसा खाणीचे गाव. पुष्कळ पुरुष त्या वेळी जमिनीखाली कामावर होते. वीज गेली म्हणून ते वर आले, तेव्हा वर त्यांची घरे नव्हती. मृतांत स्त्रिया व मुलांचे प्रमाण मोठे होते. भूगर्भात काम करणारे सुरक्षित राहिले आणि घरात बसलेली माणसे गेली.

१५/
आता घड्याळाकडे पाहा. मर्फिसबरो उद्ध्वस्त झाले ते अडीचच्या सुमारास. इंडियानातील प्रिन्स्टन गावावर हेच वादळ आदळले ते सव्वाचारच्या सुमारास. मध्ये पावणेदोन तास होते. तारायंत्र होते, दूरध्वनी होता, रेडिओसुद्धा होता. नव्हती ती फक्त एक व्यवस्था : 'पश्चिमेकडून टॉर्नेडो येतो आहे' हे वाक्य पुढच्या गावाला सांगणे ज्याचे कर्तव्य आहे, असा माणूस. जो शब्द उच्चारायचाच नाही, तो पुढच्या गावी पोहोचवण्याची यंत्रणा कोण उभारणार?

१६/
१९३६ च्या एप्रिलमध्ये लागोपाठ दोन दिवसांत टुपेलो आणि गेन्सव्हिल ही दक्षिणेतील दोन शहरे टॉर्नेडोने मोडली. दोन्ही ठिकाणी दोनशेहून अधिक मृत्यू झाले. १९३८ मध्ये शब्दावरील बंदी औपचारिकरीत्या उठली. परंतु सवय कायद्यापेक्षा चिवट असते. अंदाजकर्ते तो शब्द टाळतच राहिले.

१७/
कोंडी फुटली ती लष्करी विमानतळावर. २० मार्च १९४८ रोजी ओक्लाहोमा सिटीजवळील टिंकर हवाई तळावर टॉर्नेडो आला आणि लक्षावधी डॉलरची विमाने चक्काचूर झाली. तळाच्या प्रमुखांनी तेथील दोन हवामान अधिकाऱ्यांना, मेजर अर्नेस्ट फॉबुश आणि कॅप्टन रॉबर्ट मिलर यांना, विचारले : हे आधी सांगता येईल का? दोघांनी जुने नकाशे काढून टॉर्नेडोपूर्वीच्या हवामानातील साम्ये शोधायला प्रारंभ केला.

१८/
पाचच दिवसांनी, २५ मार्चला, नकाशावर तीच लक्षणे दिसू लागली. एकाच जागी एका आठवड्यात दोनदा टॉर्नेडो येणे जवळजवळ अशक्यच. भाकीत चुकले तर हसे होणार, हे दोघांनाही कळत होते. तरीही त्यांनी इशारा दिला. विमाने आत घेतली गेली, माणसे आडोशाला गेली. संध्याकाळी सहाच्या सुमारास टॉर्नेडो खरोखरच तळावर आला. मालमत्तेचे नुकसान झाले, पण एकही माणूस जखमी झाला नाही. आधुनिक काळातील पहिले यशस्वी टॉर्नेडो-भाकीत ते हेच.

१९/
साहजिकच नागरिक विचारू लागले : विमानांना इशारा मिळतो, तर आम्हाला का नाही? जुलै १९५० मध्ये वेदर ब्यूरोचे प्रमुख फ्रान्सिस रायकेल्डरफर यांनी परिपत्रक काढून, टॉर्नेडोचा अंदाज देण्यास कोणतीही मनाई नाही, असे आपल्या कार्यालयांना कळवले. मार्च १९५२ मध्ये ब्यूरोने सर्वसामान्य जनतेसाठी टॉर्नेडोचे अंदाज सुरू केले. फिन्लीच्या प्रयोगानंतर ६८ वर्षांनी.

२०/
१९५३ साल मात्र भयंकर गेले. मे महिन्यात वेको (टेक्सस) येथे ११४, ८ जूनला फ्लिंट (मिशिगन) येथे ११६, तर ९ जूनला वूस्टर (मॅसॅच्युसेट्स) येथे ९४ मृत्यू झाले. वर्षभराची संख्या ५१९ वर गेली. वेकोविषयी एक आख्यायिका रूढ होती, की या खोलगट जागेला टॉर्नेडो शिवत नाही. कॅन्ससमधील टोपीका शहरालाही असाच विश्वास होता, की नैर्ऋत्येची बर्नेट टेकडी आपले रक्षण करते. ८ जून १९६६ रोजी टॉर्नेडो नेमका त्या टेकडीवरूनच शहरात उतरला.

२१/
म्हणजे सरकारला लोकांच्या भीतीची भीती होती आणि लोकांना स्वतःच्या निर्भयतेचा आधार होता. 'आमच्याकडे येत नाही' या समजुतीला आधार बहुधा एवढाच असतो, की आठवणीत तरी आलेला नाही. याच्या उलट उदाहरण कॅन्ससमधील कोडेल या खेड्याचे. १९१६, १९१७ आणि १९१८ अशी सलग तीन वर्षे त्या गावाला टॉर्नेडोने तडाखा दिला, आणि तोही दर वर्षी २० मे याच तारखेला! योगायोगाला स्मरणशक्ती नसते.

२२/
शास्त्रालाही स्वतःच्या चुका सुधाराव्या लागल्या. तळघराचा नैर्ऋत्य कोपरा सर्वांत सुरक्षित, असे फिन्लीने १८८७ च्या ग्रंथात लिहिले होते. टॉर्नेडो बहुधा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून ढिगारा ईशान्येला पडेल, हा त्यामागील तर्क. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी तो पाळला. टोपीकाच्या आपत्तीनंतर जो ईगलमन या संशोधकाने घरोघरी प्रत्यक्ष पाहणी केली, तेव्हा दक्षिणेची बाजू आणि नैर्ऋत्य कोपरा उलट अधिक धोक्याचे आढळले. तर्क सुंदर होता. तपासणी ऐंशी वर्षे उशिरा झाली.

२३/
येथे एका जपानी शास्त्रज्ञाचा उल्लेख अटळ आहे. तेत्सुया फुजिता ऑगस्ट १९४५ मध्ये कोकुरा परिसरात राहत होते. दुसरा अणुबाँब मुळात कोकुरावर पडायचा होता. शहर झाकोळलेले असल्याने विमान नागासाकीकडे वळले. पुढे हिरोशिमा-नागासाकीतील विध्वंसाच्या खुणा अभ्यासताना, पडलेल्या वस्तूंच्या दिशांवरून आघाताचे स्वरूप वाचण्याची दृष्टी त्यांना लाभली. १९५३ मध्ये ते शिकागोला आले आणि १९७१ मध्ये टॉर्नेडोची तीव्रता विध्वंसावरून ठरवणारी 'एफ' श्रेणी त्यांनी मांडली. २००७ पासून तिचीच सुधारित आवृत्ती अमेरिकेत वापरात आहे.

२४/
फुजितांचे दुसरे योगदान आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने तितकेच मोलाचे आहे. वादळात झालेला प्रत्येक विध्वंस टॉर्नेडोचा नसतो. ढगातून हवेचा लोट वेगाने खाली आदळून चहूकडे पसरतो आणि हे सरळ वाहणारे वारेही झाडे व छपरे उखडतात. जून १९७५ मध्ये न्यूयॉर्क येथे एक प्रवासी विमान उतरताना कोसळले. त्यामागे असाच लोट होता, हे त्यांनी दाखवून दिले. सामान्य रहिवाशाची गाठ टॉर्नेडोपेक्षा अशा वाऱ्यांशी, गारांशी आणि विजेशी कितीतरी अधिक वेळा पडते.

२५/
आता हिशेब मांडू. १९२५ पर्यंत अमेरिकेत दर दहा लाख लोकसंख्येमागे वर्षाला सुमारे १.८ माणसे टॉर्नेडोने मरत. विसाव्या शतकाच्या अखेरीस हे प्रमाण ०.१ च्या आसपास आले. हे श्रेय केवळ अंदाजांचे नाही. घसरण १९४८ च्या आधीच सुरू झाली होती. रेडिओ व दूरध्वनी घरोघरी पोहोचले. महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यांच्या रक्षणासाठी वादळ-निरीक्षक नेमले गेले; त्यातून पुढे नागरी निरीक्षकांची परंपरा वाढली. १९५३ मध्ये रडारच्या पडद्यावर टॉर्नेडोच्या ढगाचा आकडीसारखा आकार प्रथम टिपला गेला आणि १९९० च्या दशकात डॉप्लर रडारचे देशव्यापी जाळे आले.

२६/
या साऱ्या काळात एक गोष्ट मात्र कधीच घडली नाही. इशारा मिळाला म्हणून लोकांनी एकमेकांना तुडवून मारले, गावे ओस पडली, असा प्रकार टॉर्नेडोच्या इतिहासात नाही. ज्या हाहाकाराच्या भयाने शब्द दडपला गेला, तो आलाच नाही. अडचण आली ती नेमकी उलट दिशेने.

२७/
२२ मे २०११ रोजी मिझुरीतील जॉपलिन शहरावर अतितीव्र टॉर्नेडो आला. पहिला भोंगा पंधरा-वीस मिनिटे आधी वाजला होता. तरीही १५८ माणसे थेट वादळाने दगावली. नंतरच्या सरकारी पाहणीत दिसले, की पहिला भोंगा ऐकून बहुतेकांनी तत्काळ हालचाल केली नाही. कोणी दारात जाऊन आकाश पाहिले, कोणी दूरचित्रवाणी लावली, कोणी दुसऱ्या भोंग्याची वाट पाहिली. भोंगे तेथे वरचेवर वाजत आणि बहुधा काहीच होत नसे. त्या काळी देशभरात चारपैकी सुमारे तीन टॉर्नेडो-इशारे फुकट जात.

२८/
१८८७ च्या अधिकाऱ्यांचे मग खरेच होते का? अर्धे. फुकट गेलेल्या इशाऱ्यांनी विश्वास झिजतो, हे खरे. पण त्यावरचा उपाय मौन नव्हे. जॉपलिननंतर हवामान सेवेने शब्दांकडेच पुन्हा लक्ष दिले. सर्व इशारे एकाच साच्यात देण्याऐवजी, 'रडारवर फिरकी दिसते' आणि 'विध्वंसक टॉर्नेडो प्रत्यक्ष जमिनीवर आहे' यांतील फरक स्पष्ट करणारी भाषा २०१२ पासून रूढ होऊ लागली. एकेकाळी शब्द लपवणारी संस्था आता शब्दांच्या छटा घडवू लागली.

२९/
आणि इशारा म्हणजे सर्वस्व नव्हे. २० मे २०१३ रोजी ओक्लाहोमातील मूर शहरात टॉर्नेडो जमिनीवर उतरण्याच्या सुमारे १६ मिनिटे आधी इशारा मिळाला होता. तरीही २४ माणसे गेली. त्यांत एकाच प्राथमिक शाळेतील ७ मुले होती. शाळेत सुरक्षित कक्ष नव्हता. डी सोटोच्या ३३ मुलांना कोणी सांगितले नव्हते. मूरच्या ७ मुलांच्या शाळेपर्यंत बातमी पोहोचली होती, पण जायला जागा नव्हती. पुढल्या वर्षी मूरने घरबांधणीचे नियम अधिक कडक केले.

३०/
आता मूळ प्रश्न. अमेरिकेत वर्षाला साधारण १,२०० टॉर्नेडो होतात. बहुसंख्य दुर्बल व अल्पजीवी असतात. अतितीव्र टॉर्नेडो शेकड्यात एखाद-दुसरा, पण मृत्यूंचा फार मोठा वाटा त्यांचाच. एखादे विशिष्ट घर त्याच्या वाटेत येण्याची शक्यता टॉर्नेडोप्रवण प्रदेशातही अत्यल्प असते. म्हणून डॅलस किंवा ओक्लाहोमा सिटीत राहणाऱ्याने रोज उठून आकाशाकडे पाहत झुरण्याचे कारण नाही.

३१/
परंतु सरासरीमागे विषमता लपलेली असते. चाकांवरून आणून ठेवलेल्या हलक्या तयार घरांत, म्हणजे 'मोबाइल होम'मध्ये, राहणाऱ्यांचा धोका पक्क्या घरातील लोकांच्या किमान दहापट आहे. रात्री येणारे टॉर्नेडो दिवसाच्या तुलनेत दुपटीहून अधिक प्राणघातक ठरतात, कारण माणसे झोपेत असतात. ३ मार्च २०२० च्या मध्यरात्रीनंतर टेनेसीत दोन डझन माणसे अशीच गेली. तेव्हा 'किती काळजी करावी' याआधी 'कोणत्या घरात राहता, किती वाजता, आणि इशारा तुमच्यापर्यंत कसा पोहोचतो' हे विचारले पाहिजे.

३२/
व्यवहारात करायचे ते थोडके आहे. 'वॉच' म्हणजे स्थिती अनुकूल आहे, लक्ष ठेवा. 'वॉर्निंग' म्हणजे टॉर्नेडो दिसला आहे किंवा रडारवर त्याची चिन्हे आहेत, आता आडोशाला जा. आडोसा म्हणजे तळघर. ते नसल्यास सर्वांत खालच्या मजल्यावरील, खिडकी नसलेली, घराच्या मध्यभागाची छोटी खोली. हलक्या घरात राहणाऱ्याने 'वॉच' लागताच पक्क्या इमारतीत जाण्याची तयारी ठेवावी. रात्री झोपेतून उठवील असे साधन उशाशी असावे. खिडक्या उघडत बसू नये. त्याने घर वाचते, हीही जुनी चुकीची समजूत आहे.

३३/
हा विषय केवळ अमेरिकेचा, असे मात्र समजू नये. जगातील ज्ञात इतिहासातील सर्वांत प्राणघातक टॉर्नेडो आला तो बांगलादेशात. २६ एप्रिल १९८९ रोजी माणिकगंज जिल्ह्यातील दौलतपूर-साटुरिया भागात सुमारे १,३०० माणसे दगावली. वसंतात बंगालवर येणाऱ्या कालवैशाखी वादळांतून असे टॉर्नेडो क्वचित जन्मतात. तेथे दाट वस्ती, पत्र्याची व कुडाची घरे, आणि तळघर तर नाहीच. वारा सर्वांना सारखाच लागतो. भिंती सारख्या नसतात.

३४/
भारतातही उदाहरणे आहेत. ८ एप्रिल १८३८ रोजी कोलकात्याजवळच्या टॉर्नेडोत दोनशेहून अधिक मृत्यू झाल्याची नोंद आहे. १७ मार्च १९७८ रोजी दिल्लीत विद्यापीठ परिसरातून टॉर्नेडो गेला. २८ माणसे मरण पावली. महाराष्ट्रात टॉर्नेडोची काळजी करण्याचे कारण फारसे नाही. आपला शत्रू निराळा : मान्सूनपूर्व वादळातील वीज, उन्मळणारी झाडे, उडणारे पत्रे. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपरला वादळी वाऱ्याने अवाढव्य जाहिरात फलक कोसळून १७ माणसे गेली. तेथे वाऱ्यापेक्षा फलकाचीच काळजी आधी कोणी घ्यायला हवी होती.

३५/
आपल्या भाषेत 'काळजी' या एकाच शब्दाला दोन क्रियापदे लागतात. काळजी करणे आणि काळजी घेणे. टॉर्नेडोच्या इशाऱ्यांचा इतिहास या दोन क्रियापदांमधल्या अंतराचा आहे. लोक काळजी करतील, या भयाने अधिकाऱ्यांनी त्यांना काळजी घेण्याची संधीच नाकारली. त्या मौनाच्या काळात माणसे काही निर्धास्त जगत नव्हती. ती बेसावध मरत होती.

३६/
म्हणून नातेवाइकाचा फोन आला, तर उत्तर असे द्यावे : काळजी फार करू नका, काळजी घेण्यापुरते आम्हाला ठाऊक आहे. मात्र तेवढे खरोखर ठाऊक आहे ना, घरातल्या लहानापासून मोठ्यापर्यंत प्रत्येकाला कोणत्या खोलीत जायचे हे माहीत आहे ना, हे फोन ठेवल्यावर एकदा पाहून घ्यावे. पाच मिनिटांचे काम आहे. प्रिन्स्टनला पावणेदोन तास मिळू शकले असते. ते कोणी दिले नाहीत. आज मिळतात ती बहुधा काही मिनिटे, आणि ती पुरतात, जायची जागा आधी ठरली असेल तर.

धागा समाप्त. पुढील धाग्यात बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळांच्या इशाऱ्यांचा इतिहास पाहू.